आर्निसमधले 'आन्यो': घोटावेत की सोडावेत?

वेतकाठी

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळणारा प्रश्न आहे. इथे कराटे, कुस्ती, मर्दानी खेळ करणारे बरेच जण आहेत, म्हणून इथेच मांडतो.

मी पुण्यात आठ वर्षं आर्निस करतो. ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फिलिपिन्सच्या काठी, सुरी, तलवारीच्या विद्येला कुठे आर्निस, कुठे एस्क्रिमा, कुठे काली म्हणतात. २००९ साली तिथल्या प्रजासत्ताक कायदा ९८५० नुसार आर्निस हा देशाचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला. हातात साधारण २८ इंचांचा वेत असतो. आमचा वर्ग रेमी प्रेसास यांच्या मॉडर्न आर्निसच्या वळणाचा आहे आणि त्यात 'आन्यो' असतात. आन्यो म्हणजे आकार, घडण. कराटेवाल्यांना 'काता' म्हटलं की लगेच कळेल. एकट्याने, समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमाने करायचे वार, अडवणूक आणि पावलं. इसा, दालावा, तात्लो, आपात, म्हणजे एक, दोन, तीन, चार. मला काठीचे चारही पाठ आहेत आणि परीक्षेत त्यांचं कौतुकही झालं आहे.

गेल्या वर्षी तीन आठवडे फिलिपिन्समधल्या सेबूला गेलो होतो. तिथे बालिंतावाक ही एका काठीची शैली शिकवणाऱ्या एका वयस्कर मास्तरांच्या अंगणात शिकायला मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काय येतं? मी आन्यो करून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला, मान डोलावली आणि वेत घेऊन समोर उभे राहिले. पहिला वार माझ्या डाव्या कानशिलाकडे आला, तो मी अडवला. तेवढ्यात त्यांचा डावा हात माझ्या काठीवर पडला, काठी खाली गेली आणि दुसरा वार कुठून आला ते दिसलंच नाही. वेत माझ्या मानेला टेकून थांबला होता. पुढचा अर्धा तास हेच चाललं. आठ वर्षं हवेत घोटलेली एकही हालचाल हाताला आली नाही.

त्यांच्याकडे आन्यो नाहीतच. 'आगाक' आहे. सेबुआनो भाषेत आगाक म्हणजे हाताला धरून चालवणं. गुरू वार देतो, शिष्य अडवून परत वार करतो, गुरू तो अडवून पुढचा देतो. हळूहळू वेग वाढतो आणि क्रम मोडत जातो. पहिल्या दिवसापासून समोर माणूस.

आता माझ्याकडे बारा मुलं शिकायला येतात. त्यांना आन्यो शिकवू की नको? मनापासून विचारतो आहे.

फटका

नको. सरळ उत्तर.

मी किकबॉक्सिंग आणि कुस्ती करून काठीकडे वळलो. हवेत केलेल्या हालचालीला प्रतिसाद नसतो. समोरचा मागे सरकत नाही, दचकत नाही, फसवत नाही, तुमचा हात धरत नाही. वार ओळखायला डोळा लागतो आणि डोळ्याला सराव माणसाकडे बघूनच होतो, त्याच्या खांद्याकडे, कोपराकडे. आन्योत नेमका तोच भाग नसतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीला डॉग ब्रदर्स नावाच्या मंडळींनी तलवारबाजीचे जाळीचे मुखवटे आणि हलके हातमोजे घालून खऱ्या वेताने लढायला सुरुवात केली. चिलखत जवळपास नाहीच. काय दिसलं? सुंदर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी पहिल्या दहा सेकंदांत गळून पडल्या. उरले ते मोजके ताकदीचे वार, अंतर राखणं आणि एकदा अंगाला अंग भिडलं की कुस्ती. ज्याला झोंबी येत नव्हती त्याची काठी कुचकामी ठरली. हे कुठल्याही आन्योने आधी सांगितलं नव्हतं.

मुलांना मुखवटे घाला, फोमच्या काठ्या द्या, खेळू द्या.

तालीम गंगावेस

वेतकाठी, तुमचं लिखाण वाचून माझाच अनुभव वाचतोय असं वाटलं. मी कोल्हापूरचा, मर्दानी खेळ करतो. आमच्याकडं पवित्रा आधी, हत्यार नंतर. पवित्रा म्हंजे नुसतं उभं राहणं न्हवं, पाऊल कसं पडतं, वजन कुठल्या पायावर, वळताना टाच कुठं. आमचे वस्ताद सांगायचे, हाताकडं बघू नगोस, पाय बघ, पाय खोटं बोलत न्हाईत.

पण मिरवणुकीत काय होतं? पट्टा जितका जोरात फिरंल तितक्या टाळ्या. लिंबू कापलं की शिट्ट्या. मग पोरं टाळ्यांसाठी फिरवायला लागतात. पट्टा वेगात फिरतोय आणि खाली पाय एका जागी रोवलेलं. वस्तादांच्या डोळ्यात मी तवा पाणी बघितलंय.

म्हणून फटका भाऊ, तुमचं बरोबर असलं तरी सगळा दोष पवित्र्यांवर टाकू नका. फरी-गदक्यात, म्हंजे ढाल-काठीच्या खेळात, समोर माणूस असतोच की. दोन्ही एकाच आखाड्यात होतं. ते दोन वेगळं कवा झालं, हा खरा प्रश्न हाय.

स्टॉकटनकर

मी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला राहतो. हे शहर या विद्येसाठी फार महत्त्वाचं आहे हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. शतावरीच्या शेतांत राबायला आलेल्या फिलिपिनो मजुरांनी ही विद्या इथे आणली आणि बराच काळ आपसातच ठेवली. १९६६ साली एंजल काबालेस यांनी इथे सर्वांसाठी शाळा उघडली. त्यांची शैली सेर्रादा, म्हणजे जवळून लढण्याची, आखूड काठीची.

सेर्रादात बारा कोनांचे वार आणि त्यांची उत्तरं आधी एकेक करून शिकवतात. मग 'लॉक अँड ब्लॉक' येतं. समोरचा एका हातात काठी, दुसऱ्या हातात लाकडी सुरी घेऊन कुठल्याही क्रमाने वार देतो. थांबत नाही. तुमचं उत्तर अर्धवट असतानाच पुढचा येतो. इथे पाठांतर कामाला येत नाही आणि पाठांतर नसेल तर उत्तरच येत नाही. मी चार वर्षं हे करतो आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याचं माझं शरीर रोज सांगतं.

वेतकाठी, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मिसळली आहे, ती वेगळी करू या. फिलिपिनो परंपरेत एकट्याने करायच्या सरावाचे निदान दोन प्रकार आहेत. एक आन्यो, क्रम ठरलेला. दुसरा कारेन्सा, ज्यात क्रमच नसतो. मनात शत्रू उभा करायचा आणि वाहत जायचं. जुन्या लोकांची कारेन्सा पाहिली तर ते कुणाशी लढताहेत हे बघणाऱ्याला दिसतं. समोरचा किती उंच आहे हेही कळतं. मास्तरांना तुमच्या आन्योत बहुधा तो समोरचा दिसला नसेल.

इतिहासवेडा

अवांतर वाटेल, पण माहिती म्हणून. स्पॅनिशांनी या विद्येवर बंदी घातली तेव्हा लोकांनी ती मोरो-मोरो नाटकांतल्या नाचात लपवली आणि त्यातून हे फॉर्म जन्मले असं मी वाचलं आहे. म्हणजे फॉर्म हीच विद्या जपणारी पेटी ठरते. मग ती टाकून कशी द्यायची?

स्टॉकटनकर

@इतिहासवेडा, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक वर्गात सांगितली जाते आणि मलाही ती फार आवडायची. पण ती जपून घ्यायला हवी. मोरो-मोरो म्हणजे कोमेद्या, ख्रिस्ती आणि मुस्लिम राजे-राजपुत्रांच्या लढाया रंगमंचावर दाखवणारं नाटक. त्यात बसवलेल्या लढती असायच्या हे खरं. 'आर्निस' हा शब्दही नाटकातल्या चिलखती साजाच्या स्पॅनिश शब्दावरून, 'आर्नेस'वरून आला असं मानतात. पण सरसकट बंदीची कथा कागदपत्रांत भक्कमपणे सापडत नाही. उलट विसायास बेटांवर दक्षिणेकडून होणारे हल्ले परतवायला स्पॅनिशांना स्थानिक लोकांच्या हातात हत्यारं हवीच होती. सगळी परिभाषा बघा: एस्पादा इ दागा, आबानिको, लार्गो, मेदिओ, कोर्तो. लपवलेल्या विद्येत राज्यकर्त्यांची भाषा इतकी खोल मुरली नसती.

आणि मॉडर्न आर्निसचे आन्यो तर विसाव्या शतकातले आहेत. त्यांचं वय कळलं की त्यांच्याकडून काय मागायचं तेही कळतं.

वेतकाठी

@स्टॉकटनकर, हे शेवटचं वाक्य मला लागलं. आन्योंच्या जन्माबद्दल मला जे पक्कं माहीत आहे ते लिहितो, कारण दोष देण्याआधी ते का आले हे समजून घ्यायला हवं.

रेमी प्रेसास नेग्रोस बेटावरच्या हिनिगारानचे, जन्म १९३६. जुन्या पद्धतीत सरावात थेट हातावर वार व्हायचा, कारण लढाईत पहिलं लक्ष्य हातच. हत्यार धरणारा हात गेला की हत्यार गेलं. पण असा सराव केला की शिकणाऱ्यांची बोटं फुटायची आणि मुलं वर्ग सोडून जायची. तरुण मंडळी कराटे आणि ज्युदोकडे वळत होती. प्रेसास यांनी स्वतः ते दोन्ही केलेलं. त्यांनी ठरवलं, हाताऐवजी काठीवर काठी मारायची. मग विद्या शाळांमध्ये, शारीरिक शिक्षणाच्या तासाला नेता आली. चाळीस मुलांच्या वर्गाला एकाच वेळी काय शिकवणार? आन्यो. त्यावर शोटोकान कराटेची छाप स्पष्ट दिसते, ती लपवण्यात अर्थ नाही.

म्हणजे हा निर्णय विद्या मरू नये म्हणून घेतलेला होता. तो नसता तर पुण्यात बसून मला हा वेत हातात धरायला मिळालाच नसता. म्हणून माझा जीव या आन्योंमध्ये अडकला आहे आणि म्हणूनच त्यांच्याकडे सरळ बघण्याचं धैर्य गोळा करतो आहे.

अबोली दोहा

मी लढणाऱ्यांपैकी नाही, पण लिहावंसं वाटलं. दोह्यात माझ्यासोबत काम करणारी फिलिपिनो नर्स मैत्रीण आहे. तिने शाळेत आर्निस केलंय, सगळ्या वर्गाबरोबर. तिला आन्योवर गुण मिळाले होते. कुणाला वेत मारायची वेळ तिच्यावर कधीच आली नाही. शुक्रवारी सकाळी त्यांची मंडळी जमतात, तेव्हा तिथे दोन-तीन जण मुलांना शिकवतात. ही मुलं कतारमध्ये जन्मलेली, घरची भाषा तोडकीमोडकी बोलणारी. ती मुलं एका ओळीत उभी राहून इसा, दालावा, तात्लो मोजत आन्यो करतात तेव्हा माझी मैत्रीण डोळे पुसते.

तुम्ही म्हणाल यात लढाई कुठे आहे. नाही. पण मी माझ्या लेकीला इथे गणेशोत्सवात लेझीम शिकवते ती काय व्यायामासाठी? वेतकाठी दादा, तुमच्या बारा मुलांसाठी ते वेगळं असेल हे मान्य. पण 'फॉर्मचा उपयोग काय' याचं उत्तर कुणाच्या हातात आहे त्यावर बदलतं, एवढंच म्हणायचं होतं.

फटका

अबोलीताई, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. त्या मुलांकडून आन्यो काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. माझा विरोध एका गोष्टीला आहे: स्वसंरक्षण शिकवतो म्हणून सांगायचं आणि हवेतले वार शिकवायचे. मी ज्या वर्गात आधी होतो तिथे एका मुलीला तिसरा पट्टा मिळाला होता आणि तिच्यावर त्या दिवसापर्यंत कुणी एकदाही वेगाने हात उगारलेला नव्हता. तिला आपल्याला लढता येतं असं वाटत होतं. मला हे धोक्याचं वाटतं.

स्टॉकटनकर

@फटका, हे मान्यच आहे. पण मग स्पर्धेकडेही त्याच डोळ्यांनी बघा. वेकाफच्या लढतींत, म्हणजे १९८९ पासून जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या, जाड गादीचं चिलखत आणि शिरस्त्राण असतं. लागत नाही, म्हणून बरेच खेळाडू समोरासमोर उभे राहून एकमेकांवर पाऊस पाडतात. अडवत कुणी नाही. खऱ्या वेताने, उघड्या हाताने असं कुणी उभं राहील का? आणि काठीच्या जागी बोलो, म्हणजे तिथला कोयत्यासारखा सुरा, असेल तर? डॉग ब्रदर्सची काठीही काठीच आहे. अंगावर दोन वार घेऊन आत शिरून मिठी मारता येते, पात्यापुढे ती किंमत परवडत नाही.

प्रत्येक सरावात काहीतरी खोटं धरून चालावं लागतं, नाहीतर रोज एक माणूस जायबंदी होईल. आन्योत माणूस काढून टाकलाय. काठीवर काठी मारताना लक्ष्य काढून टाकलंय. चिलखतात वेदना काढून टाकली. मुखवट्यात धार. शिकवणाऱ्याने आज काय काढून टाकलंय ते मुलांना तोंडाने सांगायचं, हे मी इथल्या गुरूंकडून शिकलो. ते प्रत्येक सरावाआधी सांगतात.

वेतकाठी

धारेवरून आठवलं. सेबूतल्या दुसऱ्या आठवड्यात मी मास्तरांना विचारलं, मग एकट्याने काहीच करू नये का? ते आत गेले आणि एक जुना बोलो घेऊन आले. म्हणाले, याने तुझा आन्यो कर. सावकाश.

वेत गोल असतो. त्याला धार नाही, म्हणून वार तिरका पडला तरी कळत नाही. बोलो हातात आल्यावर पहिल्याच वाराला पातं हवेत फडफडलं, म्हणजे धार वाराच्या रेषेत नव्हती. आठ वर्षं मी वेत नुसता फिरवत होतो. बोटांची मधली पेरं वाराच्या दिशेला हवीत, मनगट शेवटी वळायला नको, हे सगळं त्या एका सकाळी कळलं. एका ठिकाणी तर आन्योतली काठी स्वतःच्याच डाव्या दंडाजवळून जाते. वेताला चालतं. पात्याने केलं असतं तर दंड गेला असता.

त्या दिवशी मी तो आन्यो चाळीस मिनिटं केला आणि तो मला पहिल्यांदा दिसला. ही चूक समोर माणूस असताना कधीच सापडली नसती, कारण माणूस समोर असताना धार बघायला फुरसत नसते.

तालीम गंगावेस

हे लाख मोलाचं लिव्हलंत बघा. आमच्यात गाणारे म्हणतात न्हवं, पलटे घोटल्याशिवाय गळा फिरत न्हाई, पण मैफिलीत पलटे गायला लागला की लोक उठून जात्यात.

एक इचारतो. त्या बालिंतावाकवाल्यांनी आन्यो मुळात घेतलेच न्हाईत का टाकून दिले?

स्टॉकटनकर

घेतलेच नाहीत. १९३२ मध्ये सेबूत दोसे पारेस नावाचा संघ स्थापन झाला, कान्येते घराणं त्यातलं मोठं. तिथे बऱ्याच शैली एका छपराखाली होत्या आणि पुढे एकट्याने करायचे फॉर्मही रुजले. फिलेमोन 'मोमोय' कान्येते यांचा सान मिगेलचा फॉर्म, तलवार आणि खंजिराचा, पाहण्यासारखा आहे. १९५२ मध्ये वेनान्सिओ 'आन्सिओंग' बाकोन काही जणांसह वेगळे झाले आणि बालिंतावाक नावाच्या गल्लीत, एका घड्याळाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवू लागले. एकच काठी, अगदी जवळचं अंतर. इतक्या छोट्या जागेत चार दिशांना पावलं टाकणारा फॉर्म मावणार कुठे, असं मला नेहमी वाटतं, अर्थात हा माझा तर्क.

पण गंमत पुढे आहे. बाकोन यांचं शिकवणं पूर्ण उत्स्फूर्त होतं, आज हे, उद्या ते, समोरच्याला बघून. थोड्यांनाच पेललं. म्हणून त्यांचे शिष्य होसे व्हिलासिन आणि तेओफिलो वेलेझ यांनी तंत्रांचे गट पाडले, क्रमाने शिकवता येतील असे. म्हणजे ज्यांच्याकडे फॉर्म नव्हता त्यांनाही पुढच्या पिढीसाठी क्रम बांधावाच लागला. फक्त तो दोघांचा बांधला.

वेतकाठी

हा दोघांचा क्रम माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणून गेले सहा आठवडे वर्गात एक प्रयोग केला. त्याची हकीकत लिहितो.

आन्यो इसाचा फक्त पहिला तुकडा घेतला, चार हालचाली. पहिली दहा मिनिटं एकट्याने, सावकाश, लाकडी बोलो घेऊन. मग मुलांना विचारलं, ही अडवणूक कुठल्या वारावर असेल? त्यांनीच शोधायचं. तिघांनी पहिला वार म्हटलं, डाव्या कानशिलाचा. एक मुलगी म्हणाली, नाही, हा पाचवा आहे, पोटात भोसकलेला, नाहीतर काठीचं टोक खाली कशाला? आम्ही दोन्ही करून पाहिलं. तिचं बरोबर निघालं. आठ वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता.

मग एकाने वार द्यायचा, दुसऱ्याने आन्योतलं उत्तर द्यायचं. आधी सांगून, मग न सांगता, मग दोन वारांतला कुठलाही. तिसऱ्या आठवड्यात वार देणाऱ्याला डावा हात वापरायची मोकळीक दिली आणि सगळं कोसळलं. काठी धरली जायला लागली, हात दाबला जायला लागला. चौथ्या आठवड्यात एक मुलगा आपोआप अर्धं पाऊल बाहेर सरकला आणि दाब निसटला. ते अर्धं पाऊल आन्योत आहे. मी ते दिशा बदलण्यासाठी आहे असं समजून शिकवत होतो.

सिनावालीचंही तेच झालं. दोन काठ्यांची ती वीण, चटईच्या विणकामावरून नाव पडलेली. मुलांना ती फार आवडते, ठेका लागतो आणि तास कसा जातो कळत नाही. आता मी मधेच एकाला ठेका मोडून हातावर वार करायला सांगतो. पहिल्यांदा सगळ्यांची बोटं शेकली. हातमोजे घ्या, हे कळकळीने सांगतो. आता निम्मी मुलं मोडण्याआधी खांदा बघून हात मागे घेतात.

शेवटची पंधरा मिनिटं मुखवटे आणि फोमच्या काठ्या. @फटका, ते तुमच्यामुळे. लढताना आन्यो दिसत नाही अजून, खोटं बोलणार नाही. कधीतरी एखादं पाऊल दिसतं.

चार आन्यो होते, आता वर्षभरात एकच शिकवीन असं वाटतं.

फटका

एकच शिकवणार असाल तर माझा विरोध मागे. पुढच्या महिन्यात पुण्यात आहे. येऊ का वर्गावर? वार द्यायला हवेत ना कुणीतरी अनोळखी. मुलांना एकमेकांची सवय होते, मग खांदा वाचणं खरं की सवय हे कळत नाही.

वेतकाठी

जरूर या. मुखवटा आणा, आमच्याकडे सहाच आहेत.

अबोली दोहा

दादा, हा पूर्ण धागा मैत्रिणीला फोनवर इंग्रजीत समजावून सांगितला. तिने शुक्रवारी शिकवणाऱ्या गृहस्थांना ती पोटातल्या वाराची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, त्यांना ते त्यांच्या वडिलांनी लहानपणीच सांगितलं होतं, पण इथे मुलांना शिकवताना सांगायचं राहून गेलं. या शुक्रवारी सांगितलं म्हणे. मुलांनी लगेच एकमेकांना भोसकून पाहिलं, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांनी.

तालीम गंगावेस

वेतकाठी, तुमचा प्रयोग काल आमच्या तालमीत करून बघितला. पोरांना म्हटलं, आज मिरवणूक न्हाई, आज पवित्रं माणसासमोर करायचं. एकाच्या हातात फरी-गदका, दुसऱ्यानं नुसता पवित्रा घेत वार चुकवायचा. सात पवित्रं घेतलं. तीन जागच्या जागी टिकलं, पोरं खुश झाली. दोन जरा बदलून टिकलं. उरलेल्या दोहोंत पोरगं प्रत्येक वेळी मार खातंय, कसंबी केलं तरी.

पोरं म्हणाली, हे दोन चुकीचं हायत, काढून टाकू. मी थांबवलं. वस्ताद आता थकल्यात, तालमीत येत न्हाईत, पण डोकं ताजं हाय. ते दोन कशावर हायत ते इचारायला रविवारी पोरांना घेऊन त्यांच्या घरी जातोय. कदाचित समोर दोघं असतील तर, कदाचित भाल्यावर. आल्यावर लिहितो.